क्षितिजाची ऊब

माझी धाकटी बहीण मारूला. तिचा नवरा स्तामातिस, ग्रीसच्या खियोस बेटावर आमच्याच गावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. शाळा सुटली की विश्व का पसरतंय याची गणितं मांडत बसायचा. मी तोंडावर म्हणायचे, "मास्तर, विश्वाचं राहू दे, आधी स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय ते बघ!" तो नुसता हसायचा.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा इसिदोरोस मालवाहू जहाजासकट समुद्रात नाहीसा झाला, आणि ते हसू गेलं ते गेलंच.

प्रेत मिळालं नाही. आमच्यात मेलेल्याच्या नावाने गहू शिजवून, साखर न् डाळिंबाचे दाणे घालून चर्चमध्ये नेतात. पण मारूला ऐकेना. "माझा पोरगा जिवंत आहे. गव्हाला हात लावाल तर याद राखा!" पाद्री समजावून गेले, सासू रडून गेली. मास्तर मात्र गप्प. असा संताप यायचा मला त्याचा!

एका दुपारी मी त्यांच्याकडे भाजी निवडत होते. गॅसवर पाणी उकळत होतं. मारूला एकदम त्याला म्हणाली, "इतकी वर्षं काय खरडतोस रे? मला कळेल असं सांग."

तो पातेल्याकडे बघत म्हणाला, "पाण्याचा एकटा कण गरम नसतो. गरम होणं ही असंख्य कणांनी मिळून घडवलेली गोष्ट. मला वाटतं, गुरुत्वाकर्षणही तसंच आहे. विश्वालाही क्षितिज असतं. त्यापलीकडचा उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचत नाही. पण त्या क्षितिजाला किंचित ऊब असते. पलीकडे जे लपलं, त्याची ती खूण. विश्वाला पसरवणारी कृष्ण ऊर्जा म्हणतात ना, ती तिथूनच येते असं माझं म्हणणं."

"तिकडे गेलेलं परत येतं?"

मी डोळ्यांनी खुणावलं, खोटं बोल मेल्या!

"नाही," तो म्हणाला.

"पण ऊब राहते?"

"राहते. हाताला कधी लागणार नाही इतकी कमी."

मारूला उठली. फडताळातून गहू काढले, धुतले आणि त्या पाण्यात ओतले.

इतके दिवस डोळ्यातून टिपूस न काढलेला तो माणूस धावत गेला, तिचा हात धरून हमसून हमसून रडायला लागला. "थांब गं. अजून काही सिद्ध झालेलं नाही. माझं गणित चुकलं असेल!"

तिने त्याचं तोंड पुसलं.

"चुकलं असेल तर आपला पोरगाच येऊन खाईल," ती म्हणाली. "आता गॅस बारीक कर."