घड्यांच्या टेबलावरचा शनिवार

कडकबाई,

तुझ्याविषयी चार पानं लिहून द्या म्हणून लॉन्ड्रीतल्या नव्या पोरी माझ्या मागे लागल्या आहेत. म्हटलं, तिच्याबद्दल लिहायचं तर तिलाच लिहिते. थाप मारली तर लगेच पकडेल.

तू इस्त्रीतली, मी ऑफिसात टायपिंग करणारी. इस्पितळाच्या चादरींना तू अशी खळ द्यायचीस की पेशंटनं कूस बदलली तरी कुरकुर ऐकू यायची. त्यावरून तुझं नाव पडलं. ते स्वभावामुळे पडलं, असं तू धरून बसलीस आणि आम्हीही तुझा गैरसमज काढला नाही.

तेव्हा धुलाई आणि इस्त्री यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आम्ही घाणीत हात घालायचे आणि यांनी नुसत्या घड्या घालायच्या, असं धुलाईवाले म्हणत. डबेसुद्धा दोन टोकांना उघडत. एके शनिवारी तू घरचा टेपरेकॉर्डर उचलून आणलास आणि जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या लांब टेबलावर ठेवलास. नवऱ्याला पत्ता लागायला आठवडा गेला.

तुझा स्वतःचा गळा म्हणजे फुटकं मडकं, पण नियम कडक. आपल्या आवडीचं गाणं लावायचं नाही. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे जाऊन त्याचं गाणं विचारायचं, का आवडतं तेही विचारायचं आणि शनिवारी ते लावून सगळ्यांना सांगायचं. गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. हा पोरखेळ आहे, असं मी म्हणाले होते.

"मग पोरासारखी बस आणि खेळ," तू म्हणालीस.

पहिलीच चिठ्ठी तुझी, आणि नाव निघालं धुलाईतल्या पिळणीवालीचं. तिच्याशी तू तीन वर्षं बोलत नव्हतीस. तिनं सांगितलेली अंगाई लावून तू बोलायला उभी राहिलीस आणि सारखं नाक पुसत होतीस. सर्दी म्हणे.

बॉयलरवाले काका कानानं अधू. ते दोन्ही तळवे टेबलावर टेकून गाणं ऐकायचे. पाहता पाहता सगळेच तसं करायला लागले. आमची टायपिस्ट बाईसुद्धा, म्हणजे मी.

मग नवे मॅनेजर आले. काकांना बॉयलरची धोक्याची शिट्टी ऐकू येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि काकांना काढायची नोटीस निघाली. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, घरात कमावणारे ते एकटे. नोटीस गुरुवारी मीच टाइप केली, आणि दहाव्या मिनिटाला तुला येऊन सांगितली. शनिवारी पाळी दुसऱ्याच्या गाण्याची होती. तू सरळ लबाडी करून काकांचं पुढे घेतलंस.

मॅनेजर कागद घेऊन आत आले तेव्हा चौतीस जणांचे तळवे टेबलावर होते. ते बोलायला गेले, तर तू ओठांवर बोट ठेवलंस. चार मिनिटं बिचारे कागद धरून उभे राहिले. गाणं संपल्यावर पिळणीवाली उठली. धुलाईवाल्यांची बाजू घेऊन नव्हे, सगळ्यांच्या वतीनं.

"साहेब, काकांना दिसेल असा लाल दिवा लावा शिट्टीला. नाहीतर सोमवारपासून आमच्यातल्या कुणालाच सुट्टी संपल्याची घंटा ऐकू येणार नाही."

एकही हात टेबलावरून हलला नाही. दिवा बुधवारी लागला. काका चार वर्षं पुरी करूनच निवृत्त झाले.

दिवा लागल्यानंतरच्या शनिवारी तू मॅनेजरांच्या नावाची चिठ्ठी चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकलीस, आणि ती निघाली माझ्या हाती. त्यांचं गाणं विचारायचं! सहा वेळा केबिनमध्ये गेले आणि सह्या घेऊन परत आले. तू काचेबाहेरून हातवारे करायचीस. शेवटी दोघी मिळून जाऊ ठरलं, तोवर त्यांची बदली झाली. पत्ता तू शोधून काढलास, पुढच्या महिन्यात नक्की जाऊ म्हणालीस. त्याला एकोणीस वर्षं झाली. ते आता पंचाहत्तरीचे असतील. आपल्या दोघींचे गुडघे तर तुला ठाऊकच आहेत. गाणं मात्र अजून विचारायचंच आहे.