हिरव्या शर्टाचा खिळा

गिरणीत माणूस दळण टाकतो आणि नंबर येईपर्यंत बसतो. बसला की बोलतो. बोलला की थोडंफार खोटं बोलतोच. वीस वर्षं मी हे ऐकून राहिले, म्हणून किस्से माझ्याकडे आपोआप साठले. मी काही गोळा करायला गेले नाही. गोळा करायचा नाद आमच्या घरात दुसऱ्याला आहे.

शिरपूर जैनला स्टँडच्या मागे आमची पिठाची गिरणी. मी चौथी शिकलेली, पण वजनकाटा माझ्या हातात, म्हणून मालकीण मी. नवऱ्याचं नाव सुखदेव. उखाण्याशिवाय घेतलं, घ्या, काय करता! या माणसाला भारत-पाकिस्तानच्या जुन्या हॉकी मॅचेसचं वेड. सारं गाव क्रिकेट पाहतं, हा आणि याचे दोन दोस्त हॉकीच्या जुन्या वस्तू धुंडाळत फिरतात. एक रफिकभाई, शिंपी. दुसरा गजाननभाऊ, एसटीत कंडक्टर. त्याची बस जिथं जाईल तिथून काहीतरी भंगार घेऊन येतो आणि म्हणतो, "वहिनी, हिस्ट्री आणली!"

ही हिस्ट्री ठेवायला गिरणीच्या मागची खोली दिली मी. आधी तिथं डिझेलचं इंजिन होतं. ते बरं होतं, बंद तरी करता येत होतं.

त्या खोलीत एक खिळा चार वर्षांपासून रिकामा आहे. तो कोणासाठी, ते सांगते. सुखदेव मूळचा कामरगावचा. लहानपणी त्यानं तिथल्या एका हवालदाराच्या अंगात पाकिस्तानच्या टीमचं हिरवं शर्ट पाहिलं. हवालदार फौजेत होता, आपल्या हॉकी टीमसोबत जायचा, आणि मॅच संपल्यावर कोणाशी तरी शर्ट बदलून आला होता. तेव्हापासून हे वेड लागलं. हवालदार वारला. शर्ट त्याच्या म्हातारीकडे, सरूबाईकडे आहे. "ते शर्ट या खिळ्यावर लागलं का मी सुटलो," असं आमचा माणूस म्हणायचा.

मी म्हणायची, "मंग लवकर लागू द्या. मी बी सुटतो!"

*

पहिली वस्तू आली ती स्टिक. कुठल्याशा सराव कॅम्पात आपल्या टीमच्या कोणीतरी वापरलेली म्हणे. सुखदेवनं तिला तेल पाजलं, भिंतीवर लावली आणि हात जोडून उभा राहिला.

मी म्हटलं, "हे एकटी काय करून राह्यली? भांडायले समोर कोणी नको?"

सुखदेवचे जोडलेले हात खाली आले. मग रफिकभाई म्हणाला, "भाभी बात तो सही बोली."

तेव्हापासून नियम झाला, जोडीचा. दाराच्या डाव्या हाताची भिंत भारताची, उजव्या हाताची पाकिस्तानची. एका भिंतीवर वस्तू लावायची तर समोरच्या भिंतीवर तिची जोडी पाहिजे. जोडी नसेल तर वस्तू पेटीत. ती स्टिक त्याच दिवशी खाली उतरली आणि सात महिने पेटीत पडली. सुखदेव सात महिने माझ्याशी नीट बोलला नाही. लय शांततेत गेले ते महिने!

*

किन्हीराजा गावच्या एका म्हाताऱ्याकडे जुना रेडिओ आहे असं कळलं. त्या रेडिओवर त्यानं भारत-पाकिस्तानच्या साऱ्या मॅचेस ऐकलेल्या. पाकिस्ताननं गोल केला की हा चप्पल काढून रेडिओला मारायचा. रेडिओच्या टपावर तशा खुणा होत्या. गजाननभाऊ खूश. "एकेक खूण म्हंजे एकेक गोल!"

पण जोडी? पाकिस्तानचा रेडिओ कुठून आणायचा? तिघं तोंडं पाडून उठले, तर म्हातारा म्हणाला, "थांबा ना. माह्याकडं अजून एक हाय. त्याले मी चप्पल कधी मारली नाई."

"काहून?"

"मारून उपयोग नव्हता. तो लावला का पाकिस्तानच जिताये! बायकोनं शेवटी गोठ्यात ठेवला होता."

तो पनवती रेडिओ आज पाकिस्तानच्या भिंतीवर आहे. चालू करायची बंदी आहे. आशिया कपाच्या दिवसांत मी त्याच्यातले सेलही काढून ठेवते. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण काढून ठेवते.

*

एकदा एक माणूस दोन बाटल्या घेऊन विकायला आला. एकीत दिल्लीच्या मैदानाची माती, दुसरीत लाहोरच्या. जोडीचा नियम ऐकूनच आला होता लेकाचा! सुखदेवनं लाहोरची बाटली कपाळाला लावायची तेवढी बाकी ठेवली.

मी म्हटलं, "आणा इकडं."

वीस वर्षं मी पीठ चिमटीत घेऊन सांगते, ज्वारी जुनी की नवी, गव्हात मका मिसळला की नाही. दोन्ही बाटल्या उपड्या केल्या, दोन्ही चिमटीत घेतल्या.

"काय भाऊ, हे दोनी एकाच खड्ड्यातल्या हायत. आन खड्डा जवळपासचाच हाय. तुमच्या चपलेले बी तेच लागून हाय."

माणूस चपलेकडे पाहून राहिला. मग हात जोडून म्हणाला, "काकू, फाळणीच्या आधी एकच माती होती ना!"

आता याला काय म्हणावं? त्याला मी चहा पाजला आणि हाकलला. बाटल्या ठेवून घेतल्या. एक या भिंतीवर, एक त्या भिंतीवर. माती खोटी आहे, बोललेलं खोटं नव्हतं.

*

खोलीचा बोभाटा झाला तसे पाहायला लोक येऊ लागले. गावच्या जैन मंदिराला आलेले यात्रेकरूही डोकावून जातात. एकदा पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी आला. तोंडात खर्रा. दारात उभ्याउभ्याच त्यानं डाव्या हाताच्या भिंतीवर पिचकारी मारली, आत आला, दोन्ही भिंती पाहिल्या आणि रफिकभाईकडे वळून हसला.

"काय रफिकभाई, यातली तुमची भिंत कोणती?"

माझा हात वजनाच्या मापाकडे गेला होता, खोटं काय सांगू. पण रफिकभाईनं गळ्यातला टेप काढला, गुंडाळला आणि शांतपणे म्हणाला, "जिच्यावर तुमी आत्ता थुकले ना, ते."

मी बादली आणि खराटा आणून पुढाऱ्यापुढे ठेवला. त्यानं भिंत धुतली. पांढरे कपडे वर खोचून धुतली. जाताना म्हणाला, "मी तं मजाक केली होती."

मी म्हटलं, "भिंत बी हासली असती भाऊ, पण तिचं तोंड भरलं होतं!"

*

मग आली शिट्टी. एका जुन्या पंचाची. तो पंच दोन्ही देशांच्या मॅचमध्ये उभा राहिलेला. आता पंच कोणाचा? इकडचा की तिकडचा? तीन दिवस भांडण चाललं. सुखदेव म्हणे आपल्या भिंतीवर, गजाननभाऊ म्हणे तिकडच्या, कारण पंचांनी नेहमी त्यांनाच गोल दिले!

चौथ्या दिवशी मी शिट्टी उचलली आणि गळ्यात घातली. "पंच कोणाच्याच भितीवर नसते. मधात असते."

तेव्हापासून दळण झालं की मी शिट्टी वाजवते, गल्लीतून लोक डबा घ्यायला येतात. नंबर सोडून कोणी घुसला की दोनदा वाजवते आणि म्हणते, "दोन मिनिटं बाहेर!" सरपंचाची बायकोही दोन मिनिटं बाहेर उभी राहिली आहे. तिनं विचारलं, "मी काय केलं वं?" मागून पाच बायका एकदम बोलल्या, "फाऊल!"

*

आता शर्टाचं.

पहिल्यांदा सुखदेव एकटा गेला कामरगावला. सरूबाईसाठी लुगडं घेऊन गेला. तिनं लुगडं घेतलं, पदर उलटून पाहिला, "रंग चांगला हाय" म्हणाली, चहा दिला आणि याला बसमध्ये बसवून दिलं. शर्टाचा विषय काढायला याला तोंडच मिळालं नाही.

दुसऱ्यांदा रफिकभाई गेला. म्हणाला, "आजी, हुबेहूब तसंच नवीन शिवून देतो, जुनं आमाले द्या." सरूबाईनं पेटीतून शर्ट काढलं, पहिल्यांदाच कोणाला दाखवलं. कोपरावर फाटलं होतं. "हे रफू कर आधी," म्हणाली. रफिकभाईनं दोन तास बसून असं रफू केलं की फाटलं होतं कुठं ते त्यालाही सापडेना. तिनं हात फिरवून पाहिला आणि शर्ट परत पेटीत ठेवलं. "हात गोड हाय तुहा, बाबू." झालं!

पण रफू करताना त्यानं कॉलरच्या आतून शाईनं लिहिलेलं उर्दू वाचलं होतं. "बशीर, सामानवाला, सियालकोट." सामानवाला! म्हणजे खेळाडूचं शर्टच नव्हतं. हवालदार आपल्या टीमच्या स्टिका, शर्टं, पाणी सांभाळायचा आणि बशीर त्यांच्या. खेळाडूंनी शर्टं बदलली, मग या दोघांनीही बदलली. त्यांच्याकडे कोण पाहून राहिलं होतं?

सुखदेवचं तोंड उतरलं. रफिकभाई म्हणाला, "उतरवतं कायले? खेळाडूचं शर्ट कोणीबी संभाळते. हे तं पायजेच!"

तिसऱ्यांदा मी गेले. शिट्टी गळ्यातच होती. म्हटलं, "आजी, जयभीम. मी लुगडं आणलं नाई न् मले रफू येत नाई. सरळ सांगतो. शर्ट पायजे."

"कायले?"

मी सारं सांगितलं. दोन भिंती, जोडीचा नियम, चार वर्षांचा खिळा. म्हातारीनं सारं ऐकून घेतलं.

"नियम कोणाचा?"

"माह्याच."

"मंग जोडी आण. आमच्या यायनं आपलं निळं शर्ट त्या बशीरले देल्लं होतं. ते आण आन दोनी घेऊन जाय."

माझाच नियम माझ्या गळ्यात! शिट्टी पदराआड घेतली आणि परतीच्या बसमध्ये चढले.

*

गजाननभाऊचा भाचा दुबईला क्रेन चालवतो. त्याच्या खोलीत दोघं सियालकोटकडचे. रफू करताना रफिकभाईनं काढून ठेवलेला कॉलरचा फोटो तिकडे गेला. हा त्याला दाखव, तो त्याला दाखव, असं करत सहा महिने गेले. सुखदेव रोज खिळा पुसायचा. शेवटी निरोप आला. बशीर वारला. बायको आहे. आणि निळं शर्ट आहे!

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं सरूबाईच्या अंगणात. तिनं सुखदेवनं दिलेलं लुगडं नेसलं होतं, मांडीवर हिरवं शर्ट. गजाननभाऊनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाट्याला टेकवून उभा केला. तिकडे एक म्हातारी दिसली, डोक्यावर ओढणी, मांडीवर आपलं निळं शर्ट. सुखदेवनं माझा दंड असा धरला की बांगडी पिचली.

रफिकभाईला वाटलं आपण मध्ये पडावं. "आजी, मी दोनीकडचं समजून सांगतो..."

सरूबाई म्हणाली, "तू चूप रे." तिकडूनही कोणाला तरी तसंच दटावल्याचा आवाज आला.

मग तिकडची म्हणाली, "आपके मियां के बाजू बहुत लंबे थे."

सरूबाई म्हणाली, "हव. लंबेच होते." आणि हवालदाराला तोकडी पडणारी हिरव्या शर्टाची बाही धरून दाखवली. "तुह्या मानसाचा गळा बारका होता."

"हां, दुबले थे. कहते थे, वो हिंदुस्तानी मैच के बाद पहले मुझे पानी देता था, फिर अपनी टीम को."

"हे मले कधी नाई सांगतलं यायनं!" सरूबाई फोनच्या जवळ सरकली. "तू हे शर्ट धुतं का?"

"ना. धूप दिखाती हूं. ईद के बाद."

"मी बी. दिवाळीच्या आधी."

सुखदेवला राहवेना. मागून कुजबुजला, "शर्टाचं इचारा ना आजी, शर्टाचं!"

सरूबाईनं विचारलं. "बाई, माह्या मानसाचं शर्ट देतं का?"

तिकडचीनं शर्ट छातीशी धरलं. "पहले आप भेजो."

"पयले तू."

"नहीं, पहले आप."

दोघी एकमेकींकडे पाहून राहिल्या. मग तिकडची जरा पुढे वाकली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "पहनती हो?"

सरूबाईनं आमच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. "थंडीत. कोणी घरी नसलं का. तू?"

तिकडची ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली. इकडे सरूबाई हसायला लागली. दोघींना बोलवेना. तशातच फोन बंद पडला.

सरूबाईनं डोळे पुसले. हिरवं शर्ट नीट घडी केलं, पेटीत ठेवलं, कडी लावली आणि पेटीवर बसली.

सुखदेव अगदी लहान आवाजात म्हणाला, "मंग आजी, काय ठरलं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुहा नियम काय होता वं? एक या भितीवर, एक त्या भितीवर. हिरवं इकडं, निळं तिकडं, लागले ना दोनी! मॅच बरोबरीत सुटली. गळ्यात शिट्टी हाय ना तुह्या?"

"हाय."

"मंग वाजव."

मी वाजवली.