हुशारीचं पथ्य

कैरीचा पहिला काप विळीवरून ताटात पडला की आईचं तोंड सुरू व्हायचं. बाहेर झाशीची मे महिन्यातली दुपार, अंगणातले दगड असे तापलेले की अनवाणी पाऊल ठेवायची सोय नाही, लूचा गरम वारा दारांच्या फटींतून शिट्ट्या घालतोय, आणि आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा गार, मातकट सुवास, त्यात कैरीच्या चिकाचा आंबट, नाकात चढणारा वास मिसळलेला... आणि या सगळ्यावर आईचा अखंड आवाज. ती माझ्याशी बोलायची, विळीशी बोलायची, भिंतीवरच्या पालीशी बोलायची. "अगं मेले, किती आंबट तू! तुझ्या सासूनं तुला पदरात घेतलं तरी कसं?" हे कैरीला. मी शेजारी बसून मीठ लावलेल्या फोडी चोखत सगळं ऐकत असे, आणि माझ्यापुरतं जग त्या आवाजात पुरेसं भरलेलं होतं.

आई तासगावची. लग्न होऊन झाशीला आली तेव्हा तिच्याकडे दागिने बेताचेच होते, मराठी मात्र उदंड होती. बाबांचं घराणं गुरसरायकडचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथेच रुजलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि उरलेल्या निम्म्यात असले शब्द की आई हसून हसून बेजार व्हायची. स्वयंपाकघराला ते 'मुदपाकखाना' म्हणत — हो, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातल्या त्या काळवंडलेल्या ओट्याला! "या सरदार, मुदपाकखान्यात पिठलं तयार आहे," असं आई म्हणायची, आणि बाबा ऐटीत येऊन पाटावर बसायचे. घराबाहेर सगळा हिंदीचा आणि बुंदेलीचा समुद्र. त्यात आईचं हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरतं, दूधवाल्यापुरतं. 'कितने का दिया', 'ताजा है क्या', 'कल जल्दी आना'... संपलं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी एकपाठी होते. हे मी मिरवायला सांगत नाही; त्या गुणानं माझं जे केलं ते ऐकाल तर तुम्हीच हात जोडाल. एकदा कानावर पडलेलं मला जसंच्या तसं म्हणता यायचं. आईनं तिच्या आत्याच्या म्हशीची लांबलचक गोष्ट सांगावी, आणि मी ती तिच्या थांबण्यासकट, मध्येच आलेल्या खोकल्यासकट परत सांगावी. आई डोक्याला हात लावायची. "अगं बाई, खोकलासुद्धा? कार्टे, तो तरी माझा मला ठेव!" धाकटी ऋतू माझ्यापेक्षा बरीच लहान. ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत टाळ्या पिटायची.

माझ्या या गुणाचा सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या शाळेला पत्ता लागला, तो श्रीवास्तव मॅडममुळे. त्यांनी वर्गात एक लांब धडा वाचला आणि सहज विचारलं, "किसको याद रहा?" मी उठले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा म्हणून टाकला. मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. मग शेजारच्या वर्गातल्या बाई आल्या, मग मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका आल्या, मला पुन्हा पुन्हा नवे नवे उतारे ऐकवले गेले, आणि मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत पाणी प्यावं इतक्या सहज ते परत करत गेले. एक खोट मात्र राहायची. पाठ केलेलं निर्दोष, पण स्वतःच्या मनानं बोलायला लागले की हिंदीत मराठी घुसायची. भात, आमटी, 'मला नको', सगळं हिंदी वाक्यात बिनदिक्कत येऊन बसायचं. वर्गात हशा पिकायचा. मला त्याचं काही वाटत नसे, खरंच वाटत नसे.

आई-बाबांना शाळेत बोलावलं. आईनं जरीच्या काठाची साडी नेसली होती आणि रिक्षात सारखी पदर सावरत होती. माझ्या हातून काय गुन्हा घडला असेल, या विचारानं मी पार गारठून गेले होते. मोठ्या मॅडम बाबांना म्हणाल्या, "आपकी वैदेही असाधारण है जी. ऐसे बच्चे रोज़ नहीं मिलते. ज़िले की भाषण प्रतियोगिता है, आगे बड़े स्कूल का इम्तिहान है, इंटरव्यू है. लेकिन घर की भाषा बीच में आ जाती है. दिमाग़ में दो-दो भाषाएँ टकराती हैं. कम से कम इसके साथ मराठी बिल्कुल बंद कर दीजिए."

डॉक्टरनं मीठ बंद करावं, तशा थंडपणे त्या हे बोलल्या. बाबांनी मान डोलावली. आईला किती समजलं कोण जाणे, तिनंही डोलावली. परतीच्या रिक्षात बाबांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं आणि तिनं एकच विचारलं, "अहो, पण नक्की हिचं भलं होईल ना?" बाबा म्हणाले, "मॅडम शिकलेल्या आहेत. उगीच कशाला सांगतील?" त्यानंतर घर येईपर्यंत आई काही बोलली नाही... आणि मी मुकाट बसलेली आई त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगावरची चादर कुणीतरी ओढली आणि म्हणालं, "उठो बेटा. सुबह हो गई."

मला वाटलं, आई गंमत करतेय. मी खदाखदा हसले. ती हसली नाही. "चाय... नहीं, दूध. दूध रखा है," एवढं अडखळत म्हणून ती वळली. तीच साडी, तेच केस, हाताला तोच फोडणीचा वास, आणि तोंडातून हे कुणाचे शब्द? मी मागे धावले, मराठीतून विचारलं, "आई, तू अशी का बोलतेस?" तिनं बाबांकडे पाहिलं, आणि मग ओठांवर बोट ठेवून मान हलवली. मी पुन्हा विचारलं. ती कणीक मळत राहिली. मी ओरडले, पाय आपटले, जमिनीवर लोळले, पण मराठीतल्या एकाही शब्दाला तिनं उत्तर दिलं नाही. माझी आई, जी पालीला उत्तर द्यायची!

आजही ते आठवलं की मी सुन्न होते. पालकांनी मुलांना मारलेलं, उपाशी ठेवलेलं आपण ऐकतो. इथे तसलं काहीच नव्हतं. मला बदाम मिळत होते, रोज साय घातलेलं दूध मिळत होतं, अभ्यासाला वेगळं टेबल आलं होतं, त्यावर नवा दिवा आला होता. कौतुकाचा नुसता पूर लोटला होता. आणि त्या पुरात आईच तेवढी वाहून गेली होती. तिच्या हिंदीत गोष्टी नव्हत्या, चेष्टा नव्हती, लाडाच्या शिव्या नव्हत्या, रागावणंसुद्धा नव्हतं. खाना खा लो, कपड़े बदल लो, पढ़ने बैठो. भाजीवाल्याशी बोलायची भाषा माझ्या वाट्याला आली.

मी समजूत करून घेतली की घरातली मराठीच संपली. सगळ्यांसाठीच संपली. पोरं कशाचीही सवय करून घेतात, तशी मीही केली.

मग ती हिवाळ्यातली दुपार आली. धुकं दाट म्हणून शाळा लवकर सुटली होती. स्वेटरला दव चिकटलेलं, बोटं बधिर, गल्लीत कुठेतरी पेरू आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास... मी मागच्या दारानं अंगणात शिरले आणि जागच्या जागी थिजले. आतून आईचा आवाज येत होता. तो जुना, भरधाव, खळखळता आवाज. "— आणि मग काय, ती म्हैस शिरली की थेट मांडवात! आत्या मागं, म्हैस पुढं, आणि नवरदेव मेला पाटावर उभा!" ऋतू खिदळत होती. तिच्या केसांना तेल लावत, तिची मान इकडे-तिकडे वळवत आई बोलत होती, मराठीत बोलत होती, हसत होती. ऊन नव्हतंच, तरी त्या खोलीत मला ऊन पडल्यासारखं दिसलं.

म्हणजे बंद झालंच नव्हतं काही. फक्त माझ्याशी बंद झालं होतं!

दप्तर खांद्यावरून घसरलं. त्या आवाजानं आईनं वर पाहिलं आणि तिचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. "आ गई बेटा? हाथ-मुँह धो लो."

कुणी फाडकन मुस्कटात मारावी तसं झालं मला. मी किंचाळले, "तिच्याशी बोलतेस! तिच्याशी बोलतेस आणि माझ्याशी नाही!" आईचे तेलकट हात हवेतच राहिले. शब्द शोधत, चाचपडत ती म्हणाली, "वो तो... वो तो ऐसी ही है बेटा. साधी. तुमको बड़ा बनना है." आणि तिचे डोळे भरून आले. ऋतूला काही कळलं नाही; ती आईची बाही ओढत विचारत होती, "मग म्हशीचं काय झालं? सांग ना!"

त्या दिवशी मी ठरवलं की आपणही साधं व्हायचं. ढ व्हायचं. भाषण स्पर्धा तोंडावर आली होती. व्यासपीठावर जाऊन मख्खासारखं उभं राहायचं, एक अक्षर काढायचं नाही, म्हणजे सगळे म्हणतील हिच्यात काही दम नाही, आणि माझी आई मला परत मिळेल. हिशेब किती सरळ होता!

स्पर्धेच्या दिवशी मी उभी राहिले. माईकला गंजाचा वास येत होता. समोर सगळ्या शाळांची मुलं, कडेनं मॅडम, पहिल्या रांगेत आई-बाबा. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. कुजबुज सुरू झाली. श्रीवास्तव मॅडम पुढे झुकल्या. आणि तेवढ्यात माझी नजर आईच्या तोंडाकडे गेली. तिचे ओठ हलत होते. माझं भाषण... ते लांबलचक, जडजड हिंदी भाषण तिनं पाठ केलं होतं! जिला 'परसों' आणि 'नरसों' नीट सांगता येत नव्हतं, तिनं त्यातला शब्द न् शब्द घोटून घोटून पाठ केला होता, मी अडलेच तर मला आधार द्यायला. घामानं डबडबलेला तिचा चेहरा, आणि ते बिनआवाजाचे ओठ. मला एकदा ऐकून येत होतं ते, तिला किती दुपारी लागल्या असतील?

मला गप्प राहता आलं नाही. कसं राहणार? मी बोलले. पहिली आले. आईनं मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "शाबाश बेटा." तिथेच, त्या टाळ्यांच्या गजरात, माझी मराठी आई गेली ती गेलीच.

पुढे मोठी शाळा झाली, वसतिगृह झालं, मोठी नोकरी झाली. मॅडमचं सगळं खरं ठरलं, हे तर अजूनच भयंकर! नशीब असं की नोकरी पुण्यात. तिथे मी सुटलेली मराठी पुन्हा कमावली, कचेरीतल्या लोकांकडून, शेजाऱ्यांकडून, पुस्तकांतून. लोक म्हणतात, झाशीची असून छान बोलतेस की. मी हसते. एकपाठीच ना मी, मला काय अवघड? पण आईचे शब्द नुसते पाठ आहेत, माझ्या तोंडी त्यांतला एकही येत नाही. ऋतू ग्वाल्हेरला दिली आहे, चारचौघींसारखा तिचा संसार आहे, आणि ती तोंड उघडते तेव्हा तासगाव बोलतं. मी तिला फोन करून मुद्दाम भांडण उकरून काढते. ती भडकली की हुबेहूब आईसारखी बोलते म्हणून.

हल्ली असाधारण मुलांसाठी काय काय करावं, यावर शाळांतून व्याख्यानं होतात. मलाही बोलावतात. मी जाते, आणि आईबापांना एवढंच सांगते की बाबांनो, पोराला जे द्यायचं ते द्या, पण त्याच्या तोंडचं काही काढून घेऊ नका. ते माना डोलावतात. मला त्या डोलणाऱ्या मानांची भीती वाटते.

गेल्या महिन्यात झाशीला गेले होते. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. ऋतूचा फोन आलेला, आणि आई खाटेवर मांडी घालून सुटली होती, "अगं वैदेही आलीय ना, ही काय इथंच बसलीय, वाळलीय नुसती, गालफडं बसलीत पोरीची, जेवत नाही मेली काही —" मी श्वास रोखून ऐकत होते. माझ्याबद्दल होतं ते सगळं. माझ्याशी नव्हतं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली, जरा सावरून बसली, आणि म्हणाली, "बेटा, चाय पियोगी?"

पुण्याला गेल्यापासून मी हट्टानं तिच्याशी मराठीतच बोलत आले आहे, आणि ती हिंदीतच उत्तर देत आली आहे. त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, आता तरी बोल ना गं माझ्याशी. मला मेली म्हण. कार्टी म्हण. आता कसली परीक्षा राहिलीय माझी?"

ती कितीतरी वेळ बोटांनी पदराचं टोक पिळत राहिली. तिचे ओठ उघडले, मिटले. मग खाली बघत ती म्हणाली, "नहीं होता बेटा. कोशिश करती हूँ, जीभ नहीं उठती. तुम्हारे सामने मराठी मुँह पे आए तो आज भी लगता है... तुम्हारा कुछ बिगाड़ रही हूँ."

एका सकाळी लावलेलं पथ्य ती अजून पाळत होती. बोलताना तिच्या कपाळावर घाम आला होता, माझ्यासमोर नेहमी येतो तसा, आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की माझ्या प्रत्येक मराठी वाक्याबरोबर मी तिला पुन्हा त्याच परीक्षेला बसवत आले होते.

मी उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आप बैठिए. चाय मैं बनाती हूँ."

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला, पाय लांब केले, आणि हसून म्हणाली, "अदरक ज़्यादा डालना."