तीन दिवसांची शिस्त

बाही कोपराच्या वर सारून मेजर खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणायचे, "ताई, इन्स्पेक्शनला जवान तयार हाय!" छाती पुढे काढायचे, पण तिच्या आधी पोट पोचलेलं असायचं.

आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हे हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण थाट असा की खऱ्या मेजरनंही सलाम ठोकावा. साताऱ्यापासून तासाभरावरच्या गावात रक्त तपासायच्या छोट्या लॅबमध्ये मी कामाला होते, आणि हे माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक.

त्यांची साखर दर वेळी बरी यायची. एकदा मी गुपित विचारलं, तर खुशीत म्हणाले, "आवं, सायेब यायच्या आदी तीन दिवस बराक घासायची असती. तसंच हाय हे!" तीन दिवस भाकरी, पालेभाजी, दोन वेळा चालणं. रक्त देऊन झालं की समोरच्या हॉटेलात पाव किलो जिलेबी. एरवी दिवसभर कट्ट्यावर बैठक, घरी काकवीत बुडवलेली चपाती, आणि वर "साखर मी बंद केलीया" अशी घोषणा. फौजेतही ते एवढंच खात, पण तेव्हा रोज पहाटे धावतही. धावणं तिकडंच राहिलं, भूक तेवढी गावी आली.

मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी लिहून दिली आणि मेजरांचं पितळ उघडं पडलं. रिपोर्ट बघून ते माझ्यावरच रुसले. "ह्ये लय वंगाळ काम! मागचं समदं उकरून काढतंय की!"

मी हसत होते, तेवढ्यात फरशीवर रक्त दिसलं.

"मेजर, पायाला काय लागलंय?"

"काय तरीच! कुटं लागलंय?"

बाभळीचा काटा चपलेतून आरपार जाऊन अंगठ्याखाली रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते वाकून बघायला गेले, तर पोट आडवं आलं. मला भारी वाईट वाटलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साखरेनं पायाची जाणीव गेलीय. असंच चाललं तर बोट जाईल, मग पाय. महिनाभर पाय टेकायचा नाही.

मेजरांची नात पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे माळावर ती धावायची आणि मेजर दगडावर बसून शिट्टी मारायचे. तिला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून मेजर घरात बसले आणि तिचं धावणंही थांबलं. "तुमचा पाय बरा हुईस्तवर मी थांबते आबा," ती म्हणाली. हे त्यांना जिलेबी सोडण्यापेक्षा जड गेलं.

जखम भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि मेजर बूट घालून नातीबरोबर माळावर उतरले. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत धाप लागली. पण पुढं रोज वाढवत नेलं. काकवीची बरणी शेजारी गेली. हॉटेलवाला मला विचारायचा, "मेजर रुसलं का काय आमच्यावर?" संध्याकाळी नात त्यांचे तळवे तपासायची, कारण त्यांना स्वतःला ते दिसत नव्हते. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा उतरला, तेव्हा त्यांनी रिपोर्ट कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला.

नात भरती झाली. ती प्रशिक्षणाला निघाली त्या सकाळी मीही त्याच एसटीत होते. खिडकीतून रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "आबा, आता पाय कोण बघंल तुमचं?"

मेजर स्टँडवरच्या बाकावर बसले. बूट काढला, मोजा काढला, पाय मांडीवर घेतला आणि वाकले. चांगले खाली वाकले. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं सावकाश न्याहाळलं. मग मान वर करून म्हणाले, "माझा मीच! दिसतंय की समदं!"

एसटी हलली. नात रडता रडता हसत होती, आणि मेजर दुसरा बूट काढत होते.