पन्नासावी पिशवी

केळझरच्या शिबिरात मी चक्कर येऊन पडलो, हे पुष्कळांना माहीत आहे. पण दोन मिनिटांतच मला शुद्ध आली होती आणि मी मुद्दाम डोळे मिटून पडून राहिलो होतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्या दोन मिनिटांनंतर जे घडलं, ते कुंदाताईंच्या वाट्याला आलं.

कुंदाताई वर्ध्याच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. सिंदीहून रोज रेल्वेने यायच्या. शिबिर शाळेच्या वर्गात असो की मंदिराच्या सभामंडपात, त्यांची एक सवय ठरलेली. सुई हातात घेतली की विचारायच्या, "आज घरी भाजी कायची होती?" माणूस आठवायला लागायचा, "वांग्याची... नाई नाई, ते काल..." तोवर सुई आत गेलेली असायची. कोणी म्हणालं, "नुसता चहा घेऊन आलो," की सुई परत ट्रेमध्ये. "जा, दोन पोळ्या खाऊन ये. उपाशी मानसाचं मी घेत नाई."

रक्त दिल्यानंतरच्या दहा मिनिटांवर तर त्यांचा पहाराच असायचा. हातात बिस्किटांचा पुडा द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता काईच करू नका. नुसतं बसा." मला ते कधी जमलं नाही. चौथ्या मिनिटाला मी उठायचो. फोटो काढून घ्यायचा असायचा, प्रमाणपत्रावर सही हवी असायची. सगळ्यांसमोर त्या म्हणायच्या, "सुधाकरभाऊले रक्त देता येते, बसता येत नाई."

मी सेलूच्या एका शाळेत लिपिक आहे. धाकटा भाऊ हुशार निघाला. पाहुण्यांसमोर वडील त्याचे गुण सांगायचे आणि मग माझ्याकडे हात करायचे, "हा मोठा." एवढंच. एकोणिसाव्या वर्षी गावच्या शिबिरात पहिल्यांदा रक्त दिलं, तेव्हा माईकवरून माझं नाव घेतलं गेलं. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. दोन रक्तदानांमधले तीन महिने मला नकोसे व्हायचे. त्या दिवसांत मी कोणीच नसायचो.

"ताई, ही एकेचाळिसावी बरं का," मी एकदा म्हणालो.

त्या चिकटपट्टी फाडत होत्या. "पिशवीवर आमी गट लिहितो, तारीख लिहितो. कितवी ते लिहत नाई जी. ज्याले चढते, त्याले काय करायचं हाये तुमच्या एकेचाळीसचं?"

मला राग आला होता. आठ दिवस राग राहिला.

केळझरच्या मंडळाने गणपतीत शिबिर ठेवलं. पन्नासावं रक्तदान म्हणून माझा सत्कार ठरला, फलकावर फोटो लागला. खरी अडचण फक्त मला ठाऊक होती. माझी अठ्ठेचाळीसच झाली होती; गावभर सांगताना मी एक वाढवून सांगितली होती. मग शिबिराच्या एकोणीस दिवस आधी मी दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे कोणी ओळखत नव्हतं, तिथे जाऊन एकोणपन्नासावी पिशवी देऊन आलो. पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. केळझरला फॉर्मवर मागची तारीख मी चार महिन्यांपूर्वीची लिहिली.

कुंदाताईंनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त सकस असलं की तो झटकन बुडतो. माझा जरा रेंगाळला, मग बुडला.

"तब्येत बरी हाये ना भाऊ?"

"एकदम."

"आज उजवा हात काऊन?"

"डावा दुखून राह्यला जरा."

त्यांनी विश्वास ठेवला. भाजी विचारली, मी दोडक्याची म्हणालो, सुई आत गेली. नंतर दहा मिनिटं बसायचं होतं, पण माईकवर नाव आलं आणि मी उठलो. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि समोरची माणसं एकदम काळी झाली.

शुद्ध आली तेव्हा मी मांडवात जमिनीवर होतो, पाय खुर्चीवर ठेवलेले. रक्तदाब पाहायला कुंदाताईंनी माझी डावी बाही वर सरकवली. कोपराच्या आत सुईची खूण होती, भोवती पिवळटलेला डाग. त्यांचा हात थांबला. मला तो थांबलेला हात कळला.

वरून मंडळाचा अध्यक्ष ओरडत होता, "मानसं तपासता का नुसत्या पिशव्या भरता, ओ मॅडम? मेला असता तं?"

मी डोळे उघडले असते आणि चार शब्द बोललो असतो, तर तिथेच सगळं संपलं असतं. मी डोळे घट्ट मिटले.

बाही खाली ओढली गेली. मग त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "माह्याच पाह्यन्यात चुकलं असन."

मंडळाने लेखी तक्रार केली. रक्तपेढीने कुंदाताईंचं शिबिरांवर जाणं बंद केलं. गावोगावच्या माणसांना भाजी विचारणाऱ्या बाईला निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं आतल्या खोलीत नोंदवह्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. बायको चहा ठेवायला आत गेली. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, तुमी सांगतलं काऊन नाई?"

"तुमच्या पापन्या हालत होत्या भाऊ."

मी आतल्या दाराकडे पाहिलं. बायको अजून चहाजवळच होती.

"मले वाटलं, आता उठन अन् सांगन. मी तुमाले वाचवलं नाई. मी वाट पाह्यली."

"सांगतलं तं माह्याजवळ उरते काय, ताई?"

"तेच तं पाह्यले आली मी." त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. "हे काढून पाहा एकडाव. भित उभी राह्यते का पडते, पाहू." आणि त्या चक्क हसल्या. माझ्यामुळे शिबिरं गमावलेली बाई माझ्या घरात बसून हसत होती.

मी प्रमाणपत्रं काढली, पण सहा महिन्यांनी. मग रविवारी सिंदीला त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्या आणि त्यांची धाकटी बहीण ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. मी आठवड्यात काय काय केलं ते सांगायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी आज काईच नाई केलं. बेस गेला दिवस." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच, असं कोणी उघड बोलतं का? हळूहळू मलाही तासभर नुसतं बसता येऊ लागलं. केळझरचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

मागच्या वर्षी त्या गेल्या. झोपेतच. बातमी मला रक्तदात्यांच्या ग्रुपवर कळली, दोन वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या मधोमध.

शोकसभेत रक्तपेढीचे एक अधिकारी चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "केळझरचा तेवढा एक प्रकार सोडला, तर ताईंच्या सेवेला डाग नाही." पहिल्या रांगेत बसलेल्या बहिणीने मान खाली घातली. मी तिसऱ्या रांगेत होतो. पुढचं नाव माझंच होतं.

मी उठलो. भाजीची गोष्ट सांगितली, उपाशी माणसाची सांगितली. लोक हसले, मग डोळे पुसू लागले. केळझरबद्दल मी बोललो नाही. बाहेर चपला घालताना दोघं म्हणाले, "काय सुंदर बोलले सर." आणि मला बरं वाटलं. आत कुंदाताईंच्या फोटोला हार घातलेला, आणि मला बरं वाटलं. पायरीवर एक चप्पल घालून मी तसाच उभा राहिलो. इतका मी स्वतःला कधीच घाबरलो नव्हतो.

केळझरला चूक कुंदाताईंची नव्हती. तारीख मी खोटी लिहिली आणि शुद्धीवर असून गप्प राहिलो. हे रक्तपेढीला माझ्या सहीने लिहून द्यायचं आहे, आणि त्याआधी सिंदीला जाऊन त्यांच्या बहिणीसमोर तोंडाने सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.