शाकारलेली रास

पनवेलच्या खाडीवरच्या मिठागरात माझी थोरली बहीण टोपलीनं मीठ वाहायची. पावसाळ्याच्या तोंडावर राखणदारानं मिठाची रास गवतानं शाकारली, त्याच संध्याकाळी बहीण नाहीशी झाली. टोपली राशीमागे सापडली.

आई फौजदाराला म्हणाली, "रास उघडा, माजी पोर तिथंच हाय."

मिठागराचा मालक शेठ म्हणाला, "पावसात उघडली तर सगळं मीठ वाहून जाईल. दिवाळीनंतर बघू."

फौजदार चहा पिऊन निघून गेला. राखणदाराला साधं हटकलंही नाही. त्या पावसाळ्यात त्यानं आणखी दोघींना मारलं, तेव्हा कुठे गावकऱ्यांनीच त्याला धरलं.

दिवाळीनंतर राशीत बहीण सापडली. मिठानं तिचा चेहरा तसाच ठेवला होता.

उरलेलं मीठ त्या मेल्या शेठनं विकलं. आई गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. अळणी जेवते.