आठ नंबर की दहा नंबर

पुंडलिकनगरात खंडेरावांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ओळखून थांबून बोलतो असाही फारसा कुणी नाही. उभी हयात वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. शेजारी उठायचे तेव्हा हे झोपायचे, आणि शेजारी झोपायचे तेव्हा हे बसमध्ये. रिटायर झाले, आता जरा घरात बसू म्हणाले, तर बायको सत्यशीलाच गेली. एकुलता एक पोरगा शिवराज ओमानात, सलालाहच्या बंदरावर क्रेनच्या देखभालीला. सून प्रांजली तिकडंच. मग घरात उरलं कोण? खंडेराव आणि फोन.

आता फोन म्हणाल तर तो कायम सत्यशीलेचा प्रांत होता. दर शुक्रवारी, शिवराजच्या सुट्टीच्या दिवशी, मायलेकरांचं बोलणं सुरू झालं की संपायचं नाव नाही. खंडेराव शेजारी पेपर धरून बसायचे आणि शेवटी फोनकडं तोंड करून "काळजी घे रे" म्हणायचे. बापाचं काम झालं! ती गेल्यावर फोन यांच्या हातात आला आणि मग कळलं की आपल्याला पोराशी बोलताच येत नाही.

"जेवलात का आबा?"

"व्हय."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"पाऊस वगैरे?"

"हाय थोडा."

झालं, खेळ खलास. एक जण खाकरायचा, दुसरा "बरं, ठेवतो" म्हणायचा. फोन ठेवला की घर खायला उठायचं. खंडेराव मुद्दाम मोठ्यानं टीव्ही लावायचे आणि बघायचे मात्र भिंतीकडं.

एका शुक्रवारी फोनमध्ये वाऱ्याचा लई आवाज येत होता. "कुठं हायेस?" त्यांनी सहज विचारलं. शिवराज समुद्रावर होता, मासे धरायला. आणि काय सांगावं, पोरगं जे बोलत सुटलं! हे साधं गळ टाकून बसणं नव्हे. याचा रॉड वेगळा, लवलवता. लाइन जाड आणि जड, तीच हवेत झुलवत लांब फेकायची. तिच्या टोकाला पिसं-केसं बांधलेली खोटी मासोळी. खऱ्या माशानं तिला भुलून झडप घातली पाहिजे. बोलता बोलता फोनची बॅटरी संपली तेव्हा कुठं शिवराज थांबला. त्या दिवशी खंडेरावांना भूक लागली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग काय! ज्या गावात नळाला पाणी कधी येतंय म्हणून बाया तोटीकडं डोळे लावून बसतात, त्या गावात हा माणूस समुद्राच्या चिंतेला लागला. समुद्र पाहिला होता एकदाच, कंपनीच्या सहलीत अलिबागला, तोही ओहोटीचा. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांना सगळं पाठ झालं. लाइन गुंडाळायच्या रीलला खाऱ्या पाण्यात कोणता धातू टिकतो, उन्हानं लाइन कशी चिकट होते, वारा समोरून असला की काय करायचं. दर शुक्रवारी एक नवा प्रश्न तयार. प्रश्न असला की पोरगं फोनवर थांबायचं, एवढं साधं गणित होतं.

पावसाळी वारं पडत आलं, तसा तिकडचा मासेमारीचा हंगाम जवळ आला. शिवराजचा रॉड मागच्या हंगामाच्या शेवटी मोडला होता. तो हसत म्हणाला, "आता आबा, तुम्हीच सांगा. आठ नंबरचा घेऊ की दहा नंबरचा?"

तो बोलला असेल गमतीनं. पण खंडेरावांना रात्रपाळीत सगळी मशिनं एकट्याच्या भरवशावर सोडल्यागत वाटलं. दोन्ही रॉड हातात धरून बघावेत म्हणून सिटी चौकातल्या जाळी-गळाच्या दुकानात गेले. दुकानदार डोक्याला हात लावून म्हणाला, "चच्चा, समंदर इधर किधर है? जायकवाडी के वास्ते गळ लेके जाओ." शेवटी घरीच कळकाची लांब काठी तासली, टोकाला दोरी बांधली आणि गच्चीवर चढले.

पण खंडेराव पडले धनगराघरचे. वैजापूरकडच्या रानात गोफण फिरवून पाखरं हाकलण्यात लहानपण गेलेलं. या रॉडला काठी मागं न्यायची, दोरी सरळ होईस्तोवर दम धरायचा आणि मग पुढं सोडायची. यांच्या हाताला ते ठाऊकच नाही. हात वर गेला की गोफणीगत गरागरा फिरलाच. दोरी पाण्याच्या टाकीला एक वेढा घालून आली आणि दुसरा वेढा यांच्याच गळ्याला! शेजारच्या गच्चीवर मनकर्णाबाई कपडे वाळत घालत होत्या. "अगं बाई! खंडेराव भाऊ, पुंडलिकनगरात कुठली पाखरं हाकलताय?"

खंडेरावही हसले. मनात म्हणाले, शुक्रवारी हे सांगायचं, शिवा पोट धरून हसंल.

आठवडाभर विचार केला. दहा नंबर दणकट, मोठ्या माशाला आणि वाऱ्याला चांगला. पण जड. दिवसभर फेकायचा म्हणजे सगळा ताण खांद्यावर, आणि सातवीत असताना सायकलवरून पडून शिवराजचा उजवा खांदा निखळला होता. पोराला पाठीवर घेऊन हेच हाडवैद्याकडं धावले होते. ठरलं, आठ नंबर.

शुक्रवारी फोन आला. खंडेराव आधीच सदरा बदलून बसले होते. गोफणीचा किस्सा आधी सांगितला.

"आबा, गच्चीवर कशाला जाता? पडलात म्हणजे? घरात कुणी नाही."

"बरं, नाय जात." घशाशी आलेलं हसू त्यांनी गिळलं. "ते रॉडचं म्या ठरवलंय बग—"

"अहो, सांगायचंच राहिलं. परवाच घेतला. दहा नंबर. मित्र दुबईहून येत होता, त्याच्याबरोबर मागवला."

खंडेरावांचा हात स्वतःच्याच उजव्या खांद्यावर गेला. "आन् खांदा?"

"कोणता खांदा?"

"तुजा. उजवा."

"ते होय! कधीचं ते आबा, मला आठवतही नाही." शिवराज हसला. "बरं, गोळी घेतली ना? चला, ठेवतो."

"थांब की रं." खंडेरावांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "मंग पुढच्या शुक्रवारी काय बोलायचं आपुन?"

तोंडातून निघून गेलं. आयुष्यात कधी पोरापुढं असं बोलले नव्हते, लाजेनं कान तापले. फोन कटला का, म्हणून त्यांनी तो कानापासून काढून बघितला.

"आबा," शिवराज हळू म्हणाला, "रील घ्यायचं राहिलंय अजून. रील कोणतं घेऊ, सांगा ना."

मागून प्रांजलीचा आवाज आला, खणखणीत. "अहो, रील तर रॉडबरोबरच आलंय की! हे काय टेबलावर—" आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

खंडेरावांना शब्द न् शब्द ऐकू आला. बापाशी खोटं बोलायचं ते इतकं कच्चं बोलावं का पोरानं! त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, घसा साफ केला.

"घाई करू नगं," ते म्हणाले. "खाऱ्या पान्याचं काम हाय. म्या आठवडाभर नीट बगतो, आन् शुक्रवारी सांगतो."